ट्रेम कार्डवरचा नंबर

आमच्या गोडाऊनमधला माल तीन जातींचा. हातवाला, आगवाला आणि कवटीवाला. ही वाटणी ड्रायव्हर लोकांनी केलेली आहे आणि संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या धोकादायक मालाच्या नऊ वर्गांपेक्षा मला तीच सोयीची वाटते. वर्ग ८ च्या लेबलवर दोन नळ्यांमधून थेंब गळताना दाखवलेत, एकीचा थेंब पट्टीवर पडतोय आणि दुसरीचा हातावर. म्हणून अ‍ॅसिड, कॉस्टिक, हायपो (म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट) हे सगळे हातवाले. टोल्युइन, अ‍ॅसिटोन आगवाले. कवटीवाला माल आम्ही फारसा ठेवतच नाही, शेठना त्याची धास्ती आहे.

भोसरी एमआयडीसीत एका केमिकल डीलरकडे मी डिस्पॅच बघते, त्याला आता एकोणीस वर्षं होतील. बी.एस्सी. केमिस्ट्री केलं तेव्हा प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून फिरायची स्वप्नं होती. प्रत्यक्षात दिवसाचा अर्धा वेळ चारशेसात टेम्पोच्या फाळक्यापाशी उभं राहून कॅन मोजण्यात जातो. गिऱ्हाईक म्हणाल तर प्लेटिंगवाले, पिकलिंगवाले (अ‍ॅसिडनं लोखंडाचा गंज काढणारे), सांडपाणी प्रक्रियावाले आणि गेल्या काही वर्षांत स्विमिंग पूल असलेल्या सोसायट्यांचे ठेकेदार. माल बहुतेक पुण्याच्या आसपासच जातो. चाकण, रांजणगाव, कुरकुंभ, पिरंगुट, शिरवळ.

सकाळी गाडी लागली की कागदांचा गठ्ठा तयार करायचा. बिल, चलन, बिल्टी, गाडीचं आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, ड्रायव्हरचं लायसन्स. हे काय, किराणा मालाच्या गाडीलाही लागतं. गंमत ई-वे बिलाची आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर एक लाखाच्या वर ई-वे बिल लागतं, राज्याबाहेर पन्नास हजारांच्या वर. आता हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड म्हणजे एचसीएल हा इतका स्वस्त माल आहे की चारशेसात भरून पन्नास कॅन पाठवले, म्हणजे दोन टन, तरी बिल लाखाच्या आसपासही जात नाही. उद्या मी टेम्पोतून टीव्ही पाठवले तर सरकारच्या कॉम्प्युटरला कळेल गाडी कुठली आणि कुठे निघाली. दोन टन अ‍ॅसिड निघालं तर तिथे पत्ता नाही. ई-वे बिल करासाठी आहे, धोक्यासाठी नाही, हे मला मान्य आहे. पण रस्त्यावर गाडी अडवणारा माणूस ते आधी मागतो आणि ते लागत नाही म्हटलं की बाकीचे कागद न बघताच सोडून देतो. हे मात्र मला अजून पचलेलं नाही.

धोक्यासाठीचे कागद वेगळे. ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १२९ पासून १३७ पर्यंत आहेत आणि ड्रायव्हरच्या शिक्षणाचा नियम ९ वा. हातवाला-आगवाला माल चालवायचा तर ड्रायव्हरला तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, मग लायसन्सवर तशी नोंद होते. आमच्याकडे त्याला 'हजार्डचा शिक्का' म्हणतात. पूर्वी तो एका वर्षाचाच असायचा, दर वर्षी एक दिवस रिफ्रेशर आणि आरटीओची चक्कर, म्हणजे ड्रायव्हरचे दोन-तीन खाडे ठरलेले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो तीन वर्षांचा झाला. नियम ९ असंही म्हणतो की ड्रायव्हरला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता आली पाहिजे. आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरना, मामांना, इंग्रजीत सही येते. शिवाय 'स्टॉप', 'हॉर्न ओके' आणि 'डेंजर' वाचता येतं. त्यावर त्यांनी तीस वर्षं काढली.

आणि मग ट्रेम कार्ड. ट्रान्सपोर्ट इमर्जन्सी कार्ड. मालाचं नाव, यूएन नंबर (म्हणजे संयुक्त राष्ट्रांनी त्या मालाला दिलेला चार आकडी क्रमांक), माल कशानं घात करतो, सांडला तर काय करायचं, पेटला तर काय, डोळ्यात गेला तर काय आणि फोन कुणाला करायचा. ड्रायव्हरनं ते केबिनमध्ये कायम जवळ ठेवायचं. आमचं कार्ड म्हणजे माझ्या आधीच्या क्लार्कनं कुठून तरी मिळवलेल्या झेरॉक्सची झेरॉक्स होती, लॅमिनेट केलेली. वर्षानुवर्षं तेच कार्ड या गाडीतून त्या गाडीत जायचं. मी ते रोज हातात घ्यायचे. वाचलं कधीच नव्हतं.

ऑगस्ट २०१७. जीएसटी येऊन महिना झालेला आणि सगळ्या ऑफिसचा जीव बिलात अडकलेला. नवी बिलबुकं छापली, नव्या पत्त्याचे शिक्के केले. आदल्याच वर्षी आम्ही गाळा बदलला होता आणि जुना लँडलाइन बंद केला होता. बिलावर पत्ता, फोन, जीएसटी नंबर सगळं बदललं. हिशेबनीस दोनदा तपासून गेले.

त्या दिवशी मामा पन्नास कॅन एचसीएल घेऊन शिरवळकडे निघाले. वाकडवरून बायपास धरला, वारजे, नवले पूल. तिथून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे तो लांबलचक चढ लागतो. येताना तो उतार असतो आणि त्या उताराच्या बातम्या पुणेकरांना पाठ आहेत. चढाचं कुणी बोलत नाही. पण चढावर माल मागे रेटतो. पाऊस होता, दोर भिजून सैल पडला असावा, पुढच्या ट्रकनं ब्रेक मारला, मामांनी मारला, मग पुन्हा उचलताना मागची रांग कलली. एका कॅनचं बूच उडालं आणि दुसरा खालून फाटला.

तीस-तेहेतीस टक्क्यांचं एचसीएल दमट हवेत उघडं पडलं की पांढरे लोट निघतात. ज्यानं पाहिलेले नाहीत त्याला ती आगच वाटते. मामांनी गाडी कडेला घेतली, त्रिकोण लावला आणि उलटा झालेला कॅन सरळ करायला फाळक्यावर चढले. हातमोजे, गॉगल, मास्क, सगळं सीटखालच्या पेटीत होतं. नवं कोरं, प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही न काढलेलं. आरटीओनं बघितलं तर दाखवायला.

दोन-तीन मिनिटांत त्यांचा घसा बंद झाला. नुसता खोकला, शब्द फुटेना.

एक ट्रॅफिक हवालदार तिथे पोचले. त्यांनी मला नंतर सांगितलं ते मी तसंच लिहिते. त्यांनी गाडीवरची पाटी वाचली आणि पाटीवर होता तो इमर्जन्सी नंबर लावला. पलीकडे एका बाई म्हणाल्या, "आठवीचं अ‍ॅडमिशन का दहावीचं?" हवालदार म्हणाले, "मॅडम, तुमची गाडी धूर सोडतीये." बाई म्हणाल्या, "आमची गाडी नाही, आमचा क्लास आहे," आणि ठेवला. त्यांनी केबिनमधून ट्रेम कार्ड काढलं. त्यावर तोच नंबर. पुन्हा लावला. पुन्हा क्लास.

आमचा जुना लँडलाइन कुणाला तरी मिळाला होता. ज्यांना मिळाला त्यांचा यात काय दोष?

मग त्यांनी चलन उलटसुलट केलं. कोपऱ्यात माझ्या अक्षरात, बॉलपेननं, 'पोचलं की मिसकॉल द्या' आणि माझा मोबाइल. ही ओळ मी प्रत्येक चलनावर खरडायचे, कारण माल पोचल्याचं कळल्याशिवाय शेठ मला घरी सोडायचे नाहीत. कुठल्याही नियमात ती ओळ नाही.

"चारशेसात तुमची का? पेटलीये."

"साहेब, ज्वाळा आहेत का?"

"ज्वाळा नाहीत, नुसता पांढरा धूर."

"मग ती आग नाही, ते अ‍ॅसिड आहे. वारा पाठीवर घेऊन उभे राहा. लोकांना गाडीच्या त्या बाजूला जाऊ देऊ नका. ड्रायव्हर कुठाय?"

"ड्रायव्हर खाली बसलाय. बोलत नाही."

वारा पाठीवर घ्या, हे मी कुठून बोलले मला माहीत नाही. कार्डात तसं लिहिलेलंच नव्हतं. कार्डात होतं, 'वाफा श्वसनमार्गास प्रक्षोभक'. भोसरीहून तिथे पोचायला मला दीड तास लागला. तोवर अग्निशमनवाल्यांनी लांबून बारीक फवारा मारून लोट खाली बसवले होते. त्यांच्यातल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "किती टक्के?" आणि दुसरा, "आत अजून काय आहे?" दुसऱ्याचं उत्तर 'फक्त एचसीएल' असं होतं, हे माझं नशीब. मामांना दवाखान्यात ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. मी भेटायला गेले तेव्हा आवाज बसलेला होता. म्हणाले, "ताई, त्या कार्डात काय आहे ते मला ठाऊक होतं. पण मला सांगताच येईना."

ते कार्ड ड्रायव्हरसाठी असतं अशी माझी तोवर समजूत होती. मामांना त्याची गरज नव्हती. गरज होती त्या हवालदारांना, जे आयुष्यात पहिल्यांदा असला लोट बघत होते आणि ज्यांच्या हातात आम्ही एका ट्यूशन क्लासचा नंबर दिला होता.

त्यानंतर मी नियम पहिल्यांदा मुळापासून वाचले. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण खरी आहे. माझा समज होता की हे सगळं ट्रान्सपोर्टवाल्याचं काम. नियम १३१ माल पाठवणाऱ्यावर आहे, म्हणजे आमच्यावर. गाडी योग्य आहे का, प्रथमोपचार आणि सुरक्षेची साधनं गाडीत आहेत का, ड्रायव्हर शिकलेला आहे का, गाडीवाल्याला मालाची पूर्ण माहिती दिली का, हे बघणं आमचं. १३२ गाडीमालकावर, १३३ ड्रायव्हरवर. अपघात झाला तर जवळच्या पोलीस ठाण्यात ताबडतोब कळवणं हे १३६ नुसार ड्रायव्हरचं काम, बोलता येत असेल तर. गाडी उभी करायची तर आगीपासून सुरक्षित जागी आणि सतत ड्रायव्हरच्या किंवा अठरा वर्षांवरच्या जाणत्या माणसाच्या नजरेखाली. ढाब्यावर क्लीनर पोराच्या भरवशावर गाडी सोडून झोपणाऱ्यांना हे मी अजून ऐकवत असते.

१३४ पाटीचा. पाटी तीन ठिकाणी हवी, दोन्ही बाजूंना आणि मागे. मालाचं तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, यूएन नंबर १०० मिलिमीटरचा, वर्गाचं लेबल २५० मिलिमीटर चौरस, खाली इमर्जन्सी नंबर आणि ज्याच्याकडून जाणकार सल्ला मिळेल त्याचं नाव आणि फोन, तेही ५० मिलिमीटरमध्ये. मी पट्टी घेऊन गोडाऊनमधल्या गाड्या मोजल्या. फोन नंबर कुठेच एक इंचाच्या वर नव्हता. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीतल्या रेडियमवाल्याकडे गेले तर तो म्हणाला, "मॅडम, एवढा मोठा नंबर टाकला तर आई तुळजाभवानी कुठे बसवू?" ती आम्ही पुढच्या काचेवर बसवली. तिथेच ती शोभते आणि तिथे नियमही आड येत नाही.

पाटीवर आणखी एक चीज असते, हॅझकेम कोड. नियमापेक्षा याचाच मला जास्त नाद लागला. एचसीएलचा २आर. २ म्हणजे पाण्याचा बारीक फवारा, आर म्हणजे अंगभर संरक्षक पोशाख घाला आणि सांडलेलं पाण्यानं पातळ करून वाहू द्या. हायपोचा २एक्स, फवारा तोच पण सांडलेलं अडवून धरा, गटारात जाऊ देऊ नका. तीव्र सल्फ्युरिकचा २पी, यात पी सांगतो की गडी भडकू माथ्याचा आहे. टोल्युइनचा ३वायई. ३ म्हणजे फोम, आणि शेवटचा ई आला की आजूबाजूची माणसं हलवायचा विचार करा. दोन-तीन अक्षरांत एवढं सगळं. अग्निशमनचा माणूस पन्नास फुटांवरून वाचतो आणि नळीला काय जोडायचं ते ठरवतो. पाटीवर चिखल बसला असेल तर काय ठरवणार? आता गाडी सुटताना पाटीवर फडकं मारणं हे हमालांच्या कामात धरलं आहे. पहिले आठ दिवस ते माझ्याकडे बघून हसायचे.

लेकीबरोबर मुंबईला जाताना एक्स्प्रेसवेवर आमचा खेळ चालतो. टँकर दिसला की ती नंबर वाचते, मी माल सांगते. १२०३ पेट्रोल, १२३० मिथेनॉल, १०९० अ‍ॅसिटोन, १०१७ आला की क्लोरीन, मग मी नवऱ्याला लेन बदलायला लावते. खंडाळ्याजवळच्या कुणे पुलावर मात्र हा खेळ थांबतो. २०२३ च्या जूनमध्ये तिथे टँकर उलटून पेटला आणि आग पुलाखालच्या रस्त्यावर कोसळली. चार जण गेले. खालून जाणाऱ्यांना तर पाटी दिसायचीही सोय नव्हती.

ट्रेम कार्डं मी सगळी नव्यानं लिहिली, मराठीत, दुसऱ्या बाजूला हिंदी आणि इंग्रजी. माहिती मालाबरोबर येणाऱ्या सेफ्टी डेटा शीटमधून घेतली. त्यात सोळा विभाग असतात, त्यातले प्रथमोपचाराचा चौथा, सांडण्याचा सहावा, कशाशी जुळत नाही ते सांगणारा दहावा आणि वाहतुकीचा चौदावा हे माझे. पहिला खर्डा मामांनाच वाचायला दिला. 'प्रक्षोभक' वर ते थांबले. "म्हणजे काय, मोर्चा?" मग लिहिलं, 'धुरानं घसा आणि छाती भाजते.' 'मुबलक जलाने प्रक्षालन' च्या जागी 'डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं सलग पाणी मारा, चोळू नका'. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, 'वारा पाठीवर घ्या'. शेठ म्हणाले, "हे जरा गावठी वाटतंय." मी म्हटलं, "गावातच सांडतं."

दहाव्या विभागावरून मात्र दर उन्हाळ्यात भांडण होतं. पूलवाल्या ठेकेदाराला हायपो लागतो, पाणी निर्जंतुक करायला, आणि एचसीएल लागतं, पीएच खाली आणायला. दोन्ही माल एकाच सोसायटीच्या एकाच खोलीत जाणार, मग भाडं दोनदा का, असा त्याचा हिशेब. "मॅडम, दहा-दहा कॅन तर आहेत. एकाच फेरीत टाका ना." दोन्ही निळ्या कॅनमध्ये, दोन्ही हातवाले, दोन्हींवर ८. लेबलकडे बघून चालणारा माणूस म्हणेल, भाऊ-भाऊच आहेत. ते एकमेकांत मिसळले की क्लोरीन वायू सुटतो. शिरवळच्या त्या गाडीत दहा कॅन हायपोचे असते तर? 'आत अजून काय आहे' हा प्रश्न साहेबांनी उगाच विचारला नव्हता. त्यामुळे माझ्या गेटमधून हे दोघं एका गाडीत जात नाहीत. एक ठेकेदार यावरून आम्हाला सोडून गेला. तो आता दोन्ही माल स्वतःच्या टेम्पोतून एकत्र नेतो असं ऐकते. शेठनी तो विषय दिवाळीपर्यंत लावून धरला होता.

सीटखालच्या पेटीतलं किट आता मी पिशवी फाडूनच देते. गॉगल एकदा डोळ्यावर चढवून दाखवल्याशिवाय सही करत नाही. तरुण पोरं कुरकुर करतात, आरशात बघून केस नीट करतात आणि घालतात. शिवाय प्रत्येक गाडीत वाळूची एक गोण आणि सोडा अ‍ॅशची एक. मामा रिटायर झाले, गावी चाकूरला असतात. थंडीत अजून खोकतात. ते त्या दिवसामुळे की तीस वर्षांच्या बिड्यांमुळे, ते डॉक्टरही सांगत नाहीत.

आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी गाडीजवळ उभी राहून पाटीवरचा इमर्जन्सी नंबर माझ्या मोबाइलवरून लावते. आठवणीतून लावायचा नाही, पाटीवर बघून एकेक आकडा दाबायचा. रात्रपाळीचा वॉचमन उचलतो. त्याला मी कागदावर लिहून दिलंय, आधी काय विचारायचं आणि मला कधी उठवायचं. दोनदा रात्री अडीचला उठवलंय त्यानं. एकदा राँग नंबर होता.

गेल्या सोमवारी नवीन घेतलेल्या सेकंडहँड आयशरची डावी पाटी बघून लावला, तर लागला एका गॅरेजला. आधीच्या मालकाचा नंबर. उजवी आणि मागची बदलली, डावी राहिली होती. मी ती गाडी भरू दिली नाही. रेडियमवाला शनिवारी येतो म्हणालाय.